ताटावर ताबा कुणाचा?

वजन उतरवायला आहारतज्ज्ञाकडे जावं का, हे मला विचारणं म्हणजे पेढे घेऊ का असं हलवायाला विचारण्यासारखं आहे. तरी सांगते, चाकणच्या कुरुळी फाट्याजवळ हा व्यवसाय करताना बऱ्याच जणांना मी 'सध्या तुम्हाला माझी गरज नाही' म्हणून परत पाठवते. कुणाला ठेवायचं आणि कुणाला पाठवायचं हे ठरवणं या कामातला सगळ्यात अवघड भाग. वजनकाटा त्यात फारशी मदत करत नाही.

इथे येणारी माणसं ढोबळमानाने दोन तऱ्हांची. एक, निघोजे-महाळुंगेच्या कारखान्यांत पाळ्या करणारी मुलं. मराठवाड्यातून आलेली, एका खोलीत चौघं, जेवण मेसचं नाहीतर कॅन्टीनचं. दुसरी, त्या खोल्यांच्या मालकांची घरं. जमिनी एमआयडीसीत गेल्या, उरल्यासुरल्या जागेवर चाळी उठल्या. दिवसभर कांदा खुरपणाऱ्या काकूंच्या हातचं खुरपं सुटलं, पण भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. वर दारासमोर बेकरी आली.

म्हणून उंची-वजनाच्या आधी मी विचारते, तुमच्या ताटात काय पडायचं हे कोण ठरवतं? कंत्राटी पोराच्या बाबतीत ते मेसवाला ठरवतो. त्याला मोड आलेली मटकी आणि पनीरचा छापील तक्ता देणं म्हणजे त्याचे पैसे घेऊन कागद विकणं. त्यापेक्षा त्याचा कालचा दिवस ऐकावा. 'काल काय खाल्लं?' असं सरळ विचारलं की माणसं नाश्ता आणि दोन जेवणं सांगून मोकळी होतात, मधलं सगळं गळून जातं. मी जागा आणि वेळ धरून विचारते. बसमध्ये चढण्याआधी काय घेतलं? पहिल्या ब्रेकला? नाईट असेल तर पहाटे तीनला झोप कशाने उडवली? मग बाहेर येतो मशीनचा प्रीमिक्स चहा, ज्यातली साखर काढताच येत नाही. आणि फरसाणचा पुडा, शिफ्ट सुटल्यावरचा वडापाव. एका कपात दहा ग्रॅम साखर धरली तरी पाच कपांत दोनशे कॅलरी होतात, आणि चहा त्याच्या लेखी 'खाणं' नसतोच. एवढं कळल्यावर त्याला तज्ज्ञ लागत नाही. मेसमध्ये भात अर्धा घे, उसळ दोनदा माग, खिशात चणे-शेंगदाणे ठेव. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. त्याचे पैसे मी घेत नाही.

काकूंचं गणित उलटं. स्वयंपाकघर त्यांचं, पण ताट सगळ्यांचं. उरलेली भाजी, नातवाने टाकलेला अर्धा पराठा, 'अन्न टाकायचं कसं' म्हणून पोटात जाणारं सगळं. त्यांच्या एकटीसाठी वेगळा आहार आखला तर आठवडाभरही टिकत नाही. मी सुनेला सोबत आणायला सांगते. ती येत नसेल तर घाई करू नका म्हणते.

याच्या अगदी उलट, ज्यांना 'मला काय झालंय, मी बारीकच आहे' वाटतं, अशांपैकी काहींना मी सोडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हातपाय काडीसारखे आणि पट्ट्यावर पोट, असा आपल्याकडचा माणूस काट्यावर निर्दोष सुटतो. म्हणून मी टेप काढून कंबर मोजते. भारतीयांसाठी धोक्याची खूण पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 अशी धरली जाते. त्यात घरात मधुमेह असेल, तर वजन कितीही असो, त्याने तपासण्या करून यावं.

आणि सोडत नाही ते मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांना. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खाणं, यावर काही वर्षांपूर्वी अख्ख्या महाराष्ट्रात घराघरात वाद रंगले होते. दोन्हींनी फरक पडलेली माणसं मला भेटतात, माझं कुणाशी भांडण नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने परस्पर नाश्ता बंद केला आणि पॉवर प्रेससमोर उभं असताना साखर उतरली, तर? तिथे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघंही हवेत, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं हवं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, मूत्रपिंडाचा रुग्ण, यांनाही हेच. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. ती घेणाऱ्यांची भूकच मरते, मग प्रथिनं कमी पडून चरबीबरोबर स्नायूही झडतात. त्यांना आखून खायला लागतं.

आता कुणाकडे जायचं. 2021 च्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांमध्ये धरलंय, तरी भल्या सकाळी शेक पाजून वजन करणारे 'कोच' जोरात आहेत. पदवी विचारायला लाजू नका. पहिल्या भेटीत जो तुमचे रिपोर्ट मागत नाही, गोळ्या विचारत नाही आणि कपाटातून पावडरचा डबा काढतो, त्याच्याकडून उठा. जो तुमच्या कॅन्टीनचा मेनू विचारतो, त्याच्याकडे बसा. आणि तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरू नका. एका भेटीचे पैसे द्या, पंधरा दिवस करून बघा, जमलं तर पुढची वेळ घ्या. हे छापून आल्यावर माझे व्यवसायबंधू दोन दिवस फोन उचलणार नाहीत, पण तसंही गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असल्याने गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्या दिवशी त्यांना कुणाशीच बोलायला फुरसत नसते.