अर्धा शेर दूध

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसावर माझा फारसा विश्वास नाही. तो दार लावून लिहीत असला तरी पुढेमागे हे कोणीतरी वाचील, ही जाणीव त्याला सोडीत नाही. खरा वृत्तांत हवा असेल तर आपण काही लिहीत आहो याची ज्याला कल्पनाच नव्हती, अशाकडे जावे.

असा एक बखरकार समुद्रात राहतो. त्याचे नाव फोरॅमिनिफेरा. एकच पेशी आणि तिच्याभोवती बहुधा चुन्याचे कवच. पुष्कळांचा आकार वाळूच्या कणाएवढा. तो मेला की कवच तळाच्या गाळात पडते, आणि हजारो वर्षे थरावर थर साचत राहतात. कवचातला प्राणवायू त्याने भोवतीच्या पाण्यातूनच घेतलेला असतो. या प्राणवायूचा एक प्रकार हलका, दुसरा किंचित जड. पाणी थंड असले की कवचात जडाचे प्रमाण वाढते. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली यावरून प्राचीन समुद्राची उष्णता मोजता येईल असे सुचविले, आणि १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी अटलांटिक व कॅरिबियन समुद्रांच्या गाळातून हिमयुगांतील उष्णतेचे चढउतार वाचून दाखविले.

पुढे १९६७ साली केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी या वाचनाविषयी शंका काढली. समुद्राची वाफ होते तेव्हा हलका प्राणवायू अधिक प्रमाणात जातो. हिमयुगात ती वाफ हिम होऊन जमिनीवर पडली आणि तेथेच राहिली. मागे उरलेला समुद्र जड झाला. मग कवच जड झाले ते पाणी थंडावल्यामुळे, की पाणी बर्फात अडकल्यामुळे? शॅकल्टन यांनी खोल तळाशी राहणाऱ्या जातींची कवचे तपासली. तेथील पाणी मुळातच गोठण्याच्या बेतात. ते आणखी कितीसे थंड होणार? तरीही त्या कवचांत जवळजवळ तेवढाच फरक निघाला. बर्फाचा वाटा एमिलियानींनी फार कमी धरला होता. थंडी म्हणून वाचलेले बरेचसे बर्फच होते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी बर्फात इतके पाणी कोंडले होते की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती.

हे वाचले आणि मला आईची जमाखर्चाची वही आठवली. ती १९५४ सालची, माझ्या जन्मापूर्वीची. आषाढापर्यंत तीत रोज एक शेर दूध आहे. मग एके दिवशी ते अर्धा शेर होते आणि पुढे तसेच राहते. त्या वर्षी घरात ओढाताण झाली असावी, अशी मी अनेक वर्षे समजूत करून घेतली होती, आणि आईबापांच्या काटकसरीचे कौतुकही चारचौघांत केले होते.

परवा वही पुन्हा काढली व शॅकल्टन यांच्याप्रमाणे दुसरे रकाने पाहिले. ओढाताण असती तर तूप, साखर, गहू हेही कमी व्हावयास हवे होते. ते होते तितकेच होते. मात्र दूध अर्धे होण्यापूर्वीचे आठ दिवस ‘डॉक्टर, दोन रुपये’ आणि ‘औषध’ अशा नोंदी होत्या. नंतर त्या थांबल्या होत्या.

मला एक थोरली बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढे मी ऐकून होतो. कधी गेली, हे घरात कोणी बोलले नाही आणि मीही विचारले नाही. ती तिथी त्या वहीत होती. ‘दूध अर्धा शेर’ हे शब्द आईने नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिले आहेत.

वडिलांची रोजनिशीही माझ्यापाशी आहे. त्या आठवड्यात त्यांनी केवळ पावसाविषयी लिहिले आहे. ते पान वाचताना रोजनिशीवरचा माझा जुना राग कुठल्या कुठे गेला.