गुरू झाल्यावरचे शिष्यत्व

शिकवण्याचे आसन एकदा लाभले की शिकण्यासाठी पुन्हा जमिनीवर बसणे माणसाला जड जाते. रिक बेलेस या अमेरिकन शेफची जीवनकथा म्हणूनच आम्हाला मोलाची वाटते.

१९५३ साली ओक्लाहोमा सिटी येथे त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे उपाहारगृह होते. स्वयंपाकाचे बाळकडू तेथेच मिळाले. पुढे त्यांनी स्पॅनिश भाषा व लॅटिन अमेरिकेची संस्कृती यांचे अध्ययन केले, मानवशास्त्रीय भाषाविज्ञानात संशोधन आरंभले. १९७८-७९ मध्ये दूरचित्रवाणीवरील २६ भागांच्या मालिकेतून ते मेक्सिकन स्वयंपाक शिकवू लागले. वय अवघे पंचविशीचे!

दुसरा कोणी कॅमेऱ्यापुढेच स्थिरावला असता. बेलेस मात्र १९८० साली पत्नी डीन यांच्यासह मेक्सिकोत गेले आणि १९८६ पर्यंत तेथील बाजार व चुली अभ्यासत राहिले. सुक्या मिरच्या किती भाजाव्यात, चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून तोर्तियाचे पीठ कसे करावे, ‘मोले’ नावाचे वाटण प्रांतागणिक कसे बदलते, हे त्यांनी समजून घेतले. त्या श्रमांतून १९८७ साली त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शिकागोत ‘फ्रोंतेरा ग्रिल’ उघडले. २००० च्या दशकापासून ‘मेक्सिको : वन प्लेट ॲट अ टाइम’ या मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले.

परक्याने दुसऱ्यांच्या अन्नावर कीर्ती का मिळवावी, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तो निव्वळ मत्सराचा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पाट्यावर मका वाटणाऱ्या मेक्सिकन माउलीपुढे कॅमेरा क्वचितच येतो. प्रसिद्धी पाहुण्याला मिळते. २०१२ साली मेक्सिको सरकारने ‘ॲझ्टेक गरुड’ हा परकीयांना दिला जाणारा सर्वोच्च सन्मान त्यांना बहाल केला, तरी हा प्रश्न मिटत नाही.

आमच्या मते, विद्येवर जन्माने हक्क मिळतो असे नाही. परंतु जिच्याकडून ती घेतली, तिचे ऋण चारचौघांत सांगावेच लागते. आपल्या मसाल्यातील मिरचीदेखील मूळची मेक्सिकोचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिच्या माहेराची आठवण आपण तरी कितीशी ठेवतो?