मनोहरगडाच्या पायथ्याची छावणी

बहुतेक एकत्र कुटुंबांत एखादी तरी वस्तू अशी असते की, तिची हकीकत ऐकल्यावाचून पाहुण्याची सुटका होत नाही. आमच्या मालवणच्या घरी हा मान सांबराच्या शिंगांच्या एका जोडीकडे होता. ओटीवर, देवघराच्या दाराशेजारी, ती भिंतीस ठोकलेली असे. तिच्यावर आजोबांची टोपी लटकली, वडिलांची छत्री लटकली आणि अलीकडे नातवंडांची दप्तरेही लटकली. "हे सांबर आमच्या तात्यांच्या समक्ष पडले," असे घरातील लहान मूलसुद्धा ऐटीने सांगे.

तात्या म्हणजे आमचे आजोबा. 1940 च्या सुमारास ते एका बड्या गृहस्थांच्या पदरी कारकून होते. त्या काळी मालवण इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळ-माणगावचा मुलूख सावंतवाडी संस्थानात मोडत असे. या गृहस्थांनी एका पौषात रीतसर परवाना काढून शिवापूरच्या रानात शिकारीची छावणी दिली आणि हिशेब व टिपण ठेवण्यासाठी तात्यांस बरोबर नेले. आमचे वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. हट्ट करून तेही निघाले.

त्या प्रवासाचे वर्णन वडिलांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, तो आमच्याच डोळ्यांपुढे घडला असे वाटते. देवबागेस होडीत बसून कर्लीच्या खाडीने वालावलीपर्यंत जावयाचे. तेथे लक्ष्मीनारायणाच्या तळ्यावर स्नान-संध्या उरकून पुढे बैलगाडी. माणगावी श्रीवासुदेवानंद सरस्वतींच्या जन्मग्रामी दत्तदर्शन. नंतर शिवापूर, समोर 1844-45 च्या बंडात गाजलेला मनोहरगड आणि त्याचा जोडीदार मनसंतोषगड. झऱ्याकाठी राहुट्या ठोकल्या होत्या. गावकऱ्यांनी ग्रामदेवतेस नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले आणि मगच हाकारे रानात शिरले. तात्यांची चूल अर्थातच निराळी, झऱ्याच्या वरच्या अंगास. पिठले-भात स्वहस्ते शिजवून ते वडिलांस जेवू घालीत.

ही झाली घरात सर्वांस ठाऊक असलेली हकीकत.

गेल्या दत्तजयंतीस आम्ही, आमचे धाकटे बंधू, दोन्ही घरच्या सुना आणि मुले असे माणगावास गेलो होतो. तात्यांस ज्या वाटेस दोन दिवस लागले, ती आता मोटारीने दोन तासांचीही नाही. दर्शन व प्रसाद झाल्यावर मुलांनी शिवापूरचा आग्रह धरला. गडाचे कडे तसेच उभे आहेत, झराही वाहत आहे. छावणीची जागा नेमकी कोणती, हे कोणास सांगता आले नाही. परंतु पाण्याच्या वरच्या अंगास एक सपाट खडक दिसला. तात्यांची चूल तेथेच असावी, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

तेथे वनखात्याचा एक तरुण रक्षक भेटला. मुलगा मोठा विनयशील. "आजोबा, दगड जपून, शेवाळ आहे," असे म्हणत त्याने आमचा हात धरला. चिखलातील खुरांचे ठसे त्याने मुलांस दाखविले. भेकर कोणते, सांबर कोणते, ते समजावून सांगितले. आमच्या नातीने लगेच मोबाइलमधील ओटीचे छायाचित्र काढून घरची शिंगे त्याच्यापुढे धरली. त्याने चित्र मोठे करून शिंगांचे बूड न्याहाळले आणि तो हसून म्हणाला, "ताई, हे सांबर कोणी मारलेले नाही. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. मारलेल्या जनावराच्या शिंगांखाली कवटीचे हाड राहते. येथे तर नुसते खडबडीत गोल बूड आहे. ही रानात गळून पडलेली शिंगे आहेत."

मुले हिरमुसली. बंधूंस तर तो तात्यांचा उपमर्द वाटला. आमच्या मात्र पायांखालची भूमी सरकल्यासारखी झाली. कारण वडिलांनी अखेरच्या दुखण्यात आम्हांस सांगितलेली आणि आम्ही वीस वर्षे कोणासही न सांगितलेली गोष्ट त्या मुलाच्या तोंडून खरी ठरत होती.

वडील म्हणाले होते, "तिसऱ्या दिवशी पडली ती सांबरी होती. मादी." परवान्यात मादी मारण्यास स्पष्ट मनाई होती. संध्याकाळी उजेड कमी, हाक्याची घाई. चूक झाली असेल. परंतु ती कबूल करावयाची नव्हती. टिपणवहीत 'नर' असे लिहावे, अशी तात्यांस आज्ञा झाली. नोकरी नवी, वडील वारलेले, पाठीमागे चार भावंडांच्या शिक्षणाचा भार. तात्यांनी लिहिले. त्यानंतर दोन रात्री तिचे पाडस झऱ्यापलीकडे येऊन उभे राही. वडिलांनी ते पाहिले. तात्यांनी तिकडे पाठ करून भात शिजविला.

हे ऐकले तेव्हा आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. सांबरीस शिंगे नसतात आणि शिंगे तर आमच्या भिंतीवर होती. दुखण्यातील भ्रम म्हणून आम्ही ते मनातून काढून टाकले. आता उलगडा झाला. लिहिलेल्या शब्दास साक्ष हवी म्हणून रानातून उचललेली जोडी आणली गेली असावी आणि तीच पुढे बक्षीस म्हणून तात्यांच्या हाती पडली असावी.

मग एक जुनी गोष्ट आठवली. तात्यांनीच आम्हांस लहानपणी संस्कृताचा श्रीगणेशा घालून दिला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणामागे धावतो, तापस त्यास अडवितात आणि राजा बाण परत घेतो. तेथे येताच तात्या पोथी मिटीत. "राजाने ऐकले म्हणून तो राजा," एवढेच म्हणत आणि धडा दुसऱ्या दिवसावर जाई. म्हातारे थकले, असे आम्हांस वाटे.

त्या सपाट खडकावर बसून आम्ही मुलांस सर्व सांगितले. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. नात म्हणाली, "मग तात्या वाईट होते का?" शाळेत एक तप आणि वर दोन तपे शिकविलेल्या आम्हांस उत्तर चटकन सुचले नाही. तात्यांच्या त्या नोकरीवर भावंडे शिकली, त्यांच्यामागून वडील शिकले, आम्ही शिक्षक झालो. 'खरे बोलावे' हे वाक्य आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले, त्याची मोजदाद नाही. आणि ज्या खडूने लिहिले तो त्या एका खोट्या शब्दाच्या मोबदल्यात आमच्या हाती आला होता. आम्ही तिला इतकेच म्हटले, "वाईट नव्हते, बाळ. भ्यालेले होते. आणि पुढे जन्मभर ते त्यांस सलत होते."

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. फोंडाघाट चढल्यावर लागणारे दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचे होते. ते तर 1958 सालीच गव्यांचे अभयारण्य झाले. गळून पडलेले शिंगदेखील दाखल्यावाचून घरी ठेवता येत नाही, हेही त्या रक्षकानेच आम्हांस सांगितले. आठवड्याच्या आत आम्ही व बंधू ती जोडी वनखात्याच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकुनाने वही उघडून विचारले, "काय लिहू?"

"सांबराची शिंगे, एक जोडी, गळून पडलेली," आम्ही म्हणालो. त्याने तसे लिहिले. सही करताना आमचा हात थोडा कापला.

ओटीवरील भिंतीत आता दोन खुंट्या ठोकल्या आहेत. पाहुणे विचारतात, "शिंगे कोठे गेली?" तेव्हा नातवंडे हकीकत सांगतात, पूर्वीइतकीच लांब, पण खरी.