चाकाशी इमान राखणारा आवाज

कोगनोळीवरून महामार्ग जातो, रेल्वे जात नाही. मालमोटारींचा घोष आमच्या कानांना अहोरात्र पुरतो. आगगाडीची शीळ ऐकावयाची तर कोल्हापूर गाठावे लागते, जेथे ती मिरजेहून १८९१ साली येऊन थांबली. म्हणूनच की काय, आम्ही रेल्वे घरीच घातली आहे: माडीवर, लाकडी फळ्यांवर, मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. ह्या छंदाचा प्रसार आपल्याकडे फारसा नाही. तथापि पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, आणि ते पाहून परतलेले मूल (व पुष्कळदा त्याचा बापही) घरी रूळ मागू लागते.

इंजिन डोळ्यांना हुबेहूब वाटावे, हे पैशाचे आणि चिकाटीचे काम आहे. कानांना ते खरे वाटावे, हे मात्र निराळेच प्रकरण. सोपी युक्ती अशी की, वाफेच्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण टेबलाखाली वाजत ठेवावे. गाडी धावो, रेंगाळो वा उभी राहो, भकभक चालूच! विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र ज्या देवळांत आले आहे, तेथील वाचकांना ह्याचा अनुभव असेल. आरती म्हणणारे यंत्रामागे धावतात. भक्ताचा कंठ दाटून आला म्हणून ते यंत्र क्षणभर थबकत नाही.

माझे मामा मिरज-लोंढा मीटरगेजवर गार्ड होते. आमची पहिली ध्वनियोजना ऐकून ते म्हणाले, "वकीलसाहेब, हे इंजिन झोपेत घोरतंय. चढ कुठं आहे ह्यात?"

शेवटच्या डब्यात बसून चढ कानांनी ओळखणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. वाफेच्या इंजिनाला बहुधा दोन सिलिंडर असतात आणि दट्ट्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने वाफ मिळते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार हुंकार निघतात. मीटरगेजच्या 'वायपी' इंजिनाची मोठी चाके साडेचार फूट व्यासाची. ताशी ४० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे दहा हुंकार होतात. आमच्या छोट्या इंजिनाचे चाक जेमतेम १६ मिलिमीटरचे, पण वेगही त्याच प्रमाणात घटविला तर हुंकार दहाच भरतात. आकार सत्त्याऐंशी पटींनी आटला तरी लय आटत नाही, हे मला फार मौजेचे वाटते.

पूर्वीचे हौशी लोक आसावर चार कंगोऱ्यांची चकती बसवीत आणि प्रत्येक कंगोऱ्यासरशी विजेचा संपर्क घडवून ध्वनी काढीत. आता नखाएवढा डिकोडर मोटरमध्ये उत्पन्न होणाऱ्या उलट विद्युत्दाबावरून तिचा वेग आणि तिच्यावरील भार ताडतो. चढ लागला की हुंकार खोल व जड होतात. डिझेलचे काम त्या मानाने सोपे. त्याची घरघर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली नसते.

उरला ध्वनिक्षेपक. एवढासा पडदा मोकळा ठेवला तर त्याच्या पुढील व मागील लहरी परस्परांना मारतात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. त्याला मागून बंद पेटी लागते. मिरजेच्या तंतुवाद्यकारांना हे निराळे सांगावयास नको. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळाला नाही तर तिचे काय होते ते त्यांना पक्के ठाऊक आहे.

एवढ्या खटाटोपानंतर निर्णय कोणी द्यावयाचा? १८७२ च्या पुरावा कायद्याचे साठावे कलम सांगत असे की, ऐकण्याजोग्या गोष्टीची तोंडी साक्ष, ती मी स्वतः ऐकली असे म्हणणाऱ्यानेच दिली पाहिजे. २०२३ च्या नव्या अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. भारतीय रेल्वेवरील वाफेची नित्य वाहतूक गेल्या शतकाबरोबर बहुतांशी संपली. मुद्रणे आहेत, पण अमुक चढावर, अमुक डब्यांसह इंजिन कसे कण्हत असे, हे मुद्रणाला उलटतपासात विचारता येत नाही. मामांना विचारता येते.

नव्या योजनेतील चढ त्यांनी मान्य केला आहे. उतार नाही. वाफ बंद करून गाडी सोडली की हुंकार थांबतात आणि नुसते दांडे खुळखुळतात. तो खुळखुळाट आम्हांला अद्याप साधलेला नाही. मामांनी ऐंशी ओलांडली आहे, आणि डाव्या कानाने त्यांना आता कमी ऐकू येते. येत्या रविवारी त्यांना उजव्या बाजूला बसविणार आहोत.