सेप्टेटचे काय करायचे?

२ एप्रिल १८०० रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये बीथोव्हनने स्वतःच्या कमाईसाठी मैफल मांडली. वय २९. आरंभी मोझार्टची सिंफनी, हायडनच्या 'द क्रिएशन'मधले एक एकलगीत व एक युगुलगीत. आणि त्यांच्या सोबतीने स्वतःचा पियानो कॉन्चेर्टो, सेप्टेट, उत्स्फूर्त वादन आणि अखेरीस पहिली सिंफनी. नांदी पूर्वसूरींची, नाटक आपले!

ही मैफल आम्ही दोघांनी ध्वनिमुद्रणांवरून त्याच क्रमाने ऐकली. उत्स्फूर्त वादनाची जागा अर्थातच रिकामी राहिली.

सिंफनी सी मेजरमधली, पण तिचा पहिलाच स्वरसंघात एफकडे कलतो. षड्ज स्थिरावल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या आमच्या कानांना हे धाडस चटकन जाणवले. शेवटच्या भागारंभी व्हायोलिन्स तीन स्वर चढून थांबतात, मग चार, मग पाच. पलटे घोकणाऱ्या मुलासारखी. हा विनोद हायडनच्या घराण्यातलाच. लाइपत्सिगच्या संगीतपत्राला मात्र सुषिर वाद्यांचा अतिरेक तेवढा खटकला.

तरीही आम्ही तिच्यात पुढची 'एरोइका' शोधत राहिलो. ही वर्गातली खोड. 'शिशिरागम' (१९३९) शिकवताना 'काही कविता'चे (१९४७) मर्ढेकर त्यात कुठे डोकावतात, हेच आपण विचारतो. सिंफनीत असे काही सापडते तरी, सेप्टेटमध्ये नाही. चार तंतुवाद्ये, क्लॅरिनेट, हॉर्न, बॅसून. सहा भागांची प्रसन्न करमणूक. लोकांनी ते डोक्यावर घेतले आणि पुढे त्या लोकप्रियतेचा खुद्द बीथोव्हनलाच वैताग आला. कलावंताचा वैताग म्हणजे कृतीचे मूल्यमापन नव्हे, असे आम्हांला वाटते.

वाद झाला तो निराळ्याच मुद्द्यावर. जून १८०१मध्ये वेगेलर या मित्राला त्याने कळवले, की तीन वर्षे श्रवणशक्ती ढळत चालली आहे; नाट्यगृहात नटांचे बोलणे समजण्यासाठी वाद्यवृंदाला अगदी खेटून बसावे लागते. म्हणजे त्या मैफलीच्या रात्री हे त्याला ठाऊक होते, श्रोत्यांना नव्हते. आमच्यापैकी एकाला त्यानंतर सेप्टेटची प्रसन्नता पूर्वीसारखी ऐकवेना. दुसऱ्याचे म्हणणे, हेही उलटे वाचनच: आधी कीर्ती शोधत होतो, आता व्याधी शोधतो आहोत. दुसऱ्या भागातली क्लॅरिनेटची संथ सुरावट पुन्हा लावून पाहिली. वाद मिटला नाही.

येत्या सत्रात 'शिशिरागम'वरचा एक तास पुढच्या मर्ढेकरांचा उल्लेखही न करता घ्यायचे ठरवले आहे. विद्यार्थी करू देतील असे वाटत नाही.