डब्यातील सभा

गेली कित्येक वर्षे आम्ही कल्याणहून ठाण्यास रोज सकाळच्या धीम्या गाडीने शाळेला येतो. आमच्या डब्यात एक सभा भरते. तिला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही. परंतु नियम मात्र कडक आहेत. नवख्याने पहिले काही दिवस केवळ मान डोलवावी. खिडकीपाशी बसलेल्याने विषय काढावा. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्याने त्यास आक्षेप घ्यावा. ‘मला ह्यातले फारसे कळत नाही’ असा ज्याने आरंभ केला, तो मुंब्र्यापर्यंत थांबावयाचा नाही, हे सर्वांनी समजून असावे. आणि वाद कितीही पेटो, ठाणे येताच ‘उद्या पाहू’ म्हणून तो मिटवावा.

ह्या सभेत आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. सत्तरी उलटलेले एक काका सांगत होते की, आपले खापरपणजोबा देशातल्या पहिल्या आगगाडीने कल्याणास आले. शिक्षकाची जीभ ती! आम्ही तत्काळ उद्गारलो, “काका, पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघाली, ती ठाण्यापर्यंतच. कल्याणास रूळ पोहोचले १८५४ साली.” डबा हसला. काका हसले नाहीत. “मास्तर, तुमचेच खरे,” इतकेच म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. पुढे कित्येक दिवस ते सभेत एक शब्दही बोलले नाहीत.

आमचे साल बरोबर होते. तरी मन खाऊ लागले. गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ ह्या नावाने कठोर बोल लिहिले, ते समाज सुधारावा म्हणून. आम्ही एका वृद्धास चारचौघांत गप्प केले, ते केवळ आपण विद्वान दिसावे म्हणून!

अखेर एके दिवशी आम्हीच म्हटले, “काका, त्या दिवशी तुमचे बोलणे मध्येच तोडले. ती गोष्ट पुरी सांगा ना.”

काकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग सांगितले. ठाण्याच्या खाडीवरील पूल आला तेव्हा खापरपणजोबांनी भयाने डोळे गच्च मिटले, आणि पूल पाहावयाचा राहिला म्हणून पुढे जन्मभर हळहळत राहिले! सारा डबा पुन्हा हसला. ह्या खेपेस काकाही.

विद्यार्थीमित्रहो, चुकलेले साल अवश्य दुरुस्त करावे. परंतु आधी गोष्ट पुरी ऐकून घ्यावी. आमची एवढी सुंदर गोष्ट एका तारखेपायी बुडाली असती.