सांध्यातील तूट

भुसार मालाच्या व्यापारात माझी चाळीस वर्षे गेली. केडगावच्या आमच्या दुकानात वडिलांनी शिकविलेला पहिला धडा असा होता : माल पोत्यात असतो तोवर फारसा घटत नाही, तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना घटतो. उतरविताना, चाळताना, पोते बदलताना जे सांडते, तेच वर्षअखेरीस तूट म्हणून वहीत दिसते.

धाकट्या कन्येने संशोधनाची वाट धरली तेव्हा मात्र हा धडा मला आठवला नाही. तिचा विषय होता पेरोव्स्काइट सौरघट आणि त्यातील दोन थरांमधील सीमा. मी म्हणालो, “मीटरच्या अब्जाव्या भागाचा हिशेब करून कोणाचे घर चालते?” ती काही बोलली नाही. पुढे दोन वर्षे तिच्या कामाचा विषय घरात निघाला नाही.

यंदा पर्युषणात ती घरी आली. गोदामाच्या पत्र्यावर सौरपॅनेल बसविण्याचे आमच्या मनात होते, म्हणून एका संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर मीच विचारले, “तुमच्या त्या घटात तोटा नेमका कोठे होतो?”

“सांध्यात, पप्पा,” ती म्हणाली.

मग तिने सविस्तर सांगितले. 2009 साली जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने या पदार्थाचा पहिला सौरघट तयार केला. उन्हातील केवळ 3.8 टक्के ऊर्जेची त्यातून वीज होई आणि तो फार लवकर निकामी होई. आज प्रयोगशाळेतील असे घट 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने सिलिकॉन आणि पेरोव्स्काइट यांची जोडी जमवून सुमारे 30 टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे.

यातील ऊन शोषणारा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार वाहून नेणारे थर असतात. स्फटिकाच्या आत जोडणी नीट असते. परंतु पृष्ठभागावर काही अणूंचे बंध अपुरे राहतात. तेथे इलेक्ट्रॉन अडकतो आणि वीज होण्याऐवजी त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यावर उपाय म्हणून त्या सीमेवर रेणूंचा एकच पदर बसवितात, जाडी सुमारे एक नॅनोमीटर. रेणूचे एक टोक खालच्या थराला घट्ट धरते, दुसरे पेरोव्स्काइटकडे असते. अपुरे बंध झाकले गेले की गळती कमी होते. ओलावाही बहुधा कडेने आणि सांध्यांतूनच शिरतो, म्हणून घटाचे आयुष्यही तेथेच ठरते.

मला व्याख्यानांत ऐकलेला नावेचा दृष्टान्त आठवला. छिद्रातून पाणी आत येणे हा आस्रव, छिद्र बुजविणे हा संवर. पाणी उपसत बसण्याआधी छिद्र शोधावे लागते. माझी मुलगी दोन वर्षे तेच करीत होती.

मी आणखी एक प्रश्न विचारला, कारण तो विचारणे आपल्या धर्माला धरून होते. “यात शिसे असते म्हणतात. ते मातीत, पाण्यात गेले तर?” तिने टाळाटाळ केली नाही. “प्रमाण थोडे असते, पण ते पाण्यात विरघळू शकते. म्हणून घट पक्का बंद करणे आणि आयुष्य संपल्यावर परत घेऊन शिसे वेगळे करणे, ही आमचीच जबाबदारी आहे. हे जमले नाही, तर नुसत्या टक्क्यांना अर्थ नाही.”

“मग गोदामासाठी तुमच्या घटाची वाट पाहू का?”

“नको. सिलिकॉनच्या पॅनेलला 25 वर्षांची हमी मिळते. आमच्या घटाला इतकी वर्षे ऊन-पाऊस सोसून दाखवायचे आहे. पॅनेल आताच बसवा.”

आपला माल अजून कच्चा आहे, असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा व्यापारी मी फार थोडा पाहिला आहे. दुकान तिने चालविले नाही, पण दुकानाची सचोटी तिने सोबत नेली होती.

संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो. पुष्कळदा ती केवळ रीत म्हणून. या वेळी मुलीसमोर हात जोडताना कोणत्या शब्दांसाठी क्षमा मागतो आहे, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “मिच्छामि दुक्कडम्, बेटा.” तिलाही ते ठाऊक होते.